निर्लेखित गाडीचा ड्रायव्हर

सांगलीत विश्रामबागेला एका सरकारी कार्यालयाच्या मागच्या आवारात केरबा ड्रायव्हर जवळजवळ दीड वर्ष नुसता बसून होता. पंचाहत्तर सालच्या जूनमध्ये त्याची जीप निर्लेखित झाली, म्हणजे सरकारी हिशेबातून बाद झाली. गाडी बंद पडली होती असं नाही. इंजिन ठणठणीत होतं, ब्रेक लागत होते. पण नियमात जेवढे किलोमीटर सांगितले होते तेवढे तिचे भरले होते, आणि नव्या साहेबांबरोबर नवी गाडी आणि तिचा ड्रायव्हर दोन्ही आले होते. जुनी जीप लिलाव होईपर्यंत मागच्या भिंतीपाशी उभी करून ठेवायची आणि केरबानं तिच्यावर लक्ष ठेवायचं, असा हुकूम निघाला. लिलाव कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

त्या वर्षी हजेरीची फार कडक शिस्त होती. सकाळी साडेदहाला ज्यानं त्यानं आपल्या जागेवर असलंच पाहिजे. कारकुनांना टेबलं होती, शिपायांना बाकडी होती. केरबाची जागा म्हणजे जीप. तो रजिस्टरवर सही करायचा, मागं जायचा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसायचा. स्टिअरिंग पुढं, त्याच्यापुढं काच, काचेपुढं भिंत. साडेपाचला उतरायचा.

चौदा वर्षांत त्याच्या शेजारच्या सीटवर नऊ साहेब बसून गेले होते. ते त्याच्याशी बोलत असं नाही, पण त्याच्या देखत बोलत. कुणाच्या मुलीला स्थळं येत नव्हती, कुणाला साखरेचा आजार होता, कुणाचा भावाशी जमिनीवरून वाद होता, सगळं केरबाला ठाऊक होतं. कोयनेच्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी एका साहेबांना घेऊन तो पाटणच्या घाटानं गेला होता, तेव्हा ते साहेब वाटभर त्याचा खांदा धरून बसले होते. दुष्काळात तर जीप थांबतच नव्हती. त्याच दुष्काळात त्याची बायको राहीबाई कुंडलला वारली. तो आटपाडीकडे दौऱ्यावर होता. निरोप मिळून तो एस.टी.नं पोचला तेव्हा माणसं परतली होती. मूलबाळ नव्हतं. गावात थोरला भाऊ आणि वहिनी होती, सांगलीत भाड्याची एक खोली होती, आणि जीप.

आता काही दिवस असे जात की दिवसभरात तो एक शब्द बोलायचा नाही. रात्री खानावळीत वाढप्याला "भात नको" म्हणताना त्याचा आवाज घोगरा निघायचा आणि त्याचा तोच दचकायचा.

आवारात सावली नव्हती. कडुलिंब होता तो दुसऱ्या टोकाला, नव्या गाडीवर. पावसाळा सरून ऑक्टोबरचं ऊन लागलं तसं जीपचं रूप उतरलं. डोक्यावरच्या हूडाचं काळं रेक्झिन चुलीतल्या राखेसारखं झालं. हूडाला बाजूनं पडदे होते, त्यांतल्या प्लास्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडून धुरकटल्या, आरपार दिसेनासं झालं. मागच्या दिव्यांची लाल प्लास्टिकची झाकणं फिकट गुलाबी झाली. मडफ्लॅप, काचेभोवतीची रबरी पट्टी, पडद्यांच्या काळ्या प्लास्टिकच्या मुठी, सगळ्यावर पांढरट पापुद्रा धरला. बोट फिरवलं की बोटाला पांढरी भुकटी लागायची.

एका दुपारी केरबानं खोलीवरून वाटीभर शेंगदाण्याचं तेल आणलं आणि चिंधीनं चोळलं. हूड असा चमकला की त्याला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर रस्त्याची सगळी धूळ त्या तेलावर बसलेली. आधीपेक्षाही वाईट दिसत होतं.

रविवारी त्यानं एक पडदा बटणं काढून सोडवला, गुंडाळी काखेत मारली आणि मिरज रस्त्याला पीरमहंमद हूडवाल्याकडे गेला. पीरमहंमद जीपचे हूड, ट्रकच्या सीटा शिवायचा. त्यानं मशीन थांबवलं, पडदा मांडीवर पसरला आणि वास घेतला.

"तेल कशाचं लावलंस रं?"

"शेंगदाण्याचं."

"मग भजी तळायची हुतीस त्यात." त्यानं नखानं रेक्झिन खरवडलं. नखाखाली राखाडी मळ निघाला आणि रेघेपुरतं काळं दिसलं. "हे बघ. वरचा थर उन्हानं मेलाय. मेलेल्याला तेल पाजून काय हुतंय? आधी मेलेलं काढ. खाली जितं काळं हाय अजून."

"कशानं काढू?"

"रिठ्याच्या पाण्यानं. मऊ बुरुश घे, तारेचा न्हाई. धुतलंस की सावलीत वाळव. मग जवसाचं तेल उकळून घे, त्यात चिमणीची काजळी, थोडीच. तळव्यानं चोळ. आणि रातभर ठेवून उरलेलं पुसून काढ. न पुसता ठेवलंस तर पुन्यांदा धूळ." त्यानं खिडकीवर बोट टेकवलं. "ह्याला तेल न्हाई. पांढरं दंतमंजन घे, मलमलीचं फडकं वलं कर आणि घास. जोर लावू नकोस. घाई केलीस तर चरे पडत्यात, मग ती खिडकी गेली."

"लय दिस लागतील."

पीरमहंमदनं त्याच्याकडे पाहिलं. "तुला कुठं जायचंय?"

केरबा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. पीरमहंमदनं चहा मागवला.

त्यानंतर तीन महिने केरबा कामाला लागला. साडेदहाला सही केली की तो अंगातला खाकी शर्ट काढून सीटवर घडी करून ठेवायचा आणि बनियनवर बसायचा. एका दिवसाला एक वीत, असा त्याचा हिशेब. रिठ्याचा फेस आधी राखाडी निघायचा, मग काळपट, मग पांढरा. पांढरा फेस आला की समजायचं, मेलेलं निघालं. मुठी त्यानं सोडवून खोलीवर नेल्या. स्टोव्हच्या ज्योतीवरून त्या पटकन फिरवल्या की पांढरेपणा आत शिरल्यासारखा नाहीसा व्हायचा आणि मूळचा काळा रंग वर यायचा. एक मूठ जास्त वेळ धरली गेली आणि तिची कड वितळली. त्याला दोन दिवस त्याची रुखरुख लागली. आठवड्यातून एकदा तो हँडल घालून इंजिन हातानं फिरवायचा. पेट्रोल नव्हतंच, पण आत गंज धरू नये म्हणून.

खिडक्या सगळ्यात शेवटी घेतल्या. उजव्या पडद्याची खिडकी घासायला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी दुपारी त्यानं मंजन पुसून काढलं आणि पडदा लावून आत बसला. बाहेर बघितलं तर आरपार दिसत होतं. कडुलिंब दिसला, कार्यालयाची मागची खिडकी दिसली, आणि खिडकीत डबा खात बसलेली टायपिस्ट शालूबाई दिसली.

कार्यालयात ती एकटीच बाई होती. पुरुष माणसं पुढच्या खोलीत एकत्र डबे उघडत, ती मागं टाइपरायटर बाजूला सारून खात असे. तिनंही वर बघितलं. इतके दिवस त्या पिवळ्या पडद्यामागं कुणी बसलेलं दिसत नसे, आज माणूस दिसलं.

"केरबा," तिनं खिडकीतून हाक मारली, "तुम्ही रोज तिथंच जेवता?"

"व्हय बाई. जागा सोडायची न्हाई म्हणून हुकूम हाय."

"मला वाटायचं तुम्ही घरी जाता."

एवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून ती कधी लोणच्याची फोड कागदात बांधून खिडकीवर ठेवायची, आणि तो ती घेऊन परत जीपमध्ये जाऊन बसायचा.

मार्चमध्ये लिलावाआधीची पाहणी करायला वरच्या कार्यालयातून दोन माणसं आली. त्यांच्या कागदावर लिहिलं होतं, वाहन जीर्ण. समोर जीप उभी होती ती काळीभोर, मागचे दिवे लालबुंद, खिडक्या स्वच्छ. दोघांनी गाडीभोवती फेरी मारली. एकानं हूडावर हात ठेवला.

"ही तीच गाडी आहे ना?" त्यानं हेडक्लार्क सयाजीरावांना विचारलं.

सयाजीराव घाबरले. पाहणी अर्धवट टाकून माणसं परत गेली आणि आठ दिवसांत केरबाला लेखी विचारणा आली. निर्लेखित वाहनावर कोणाच्या परवानगीने दुरुस्ती केली, त्यासाठी साहित्य कोठून आणले, आणि असे करण्यामागे आपला हेतू काय, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.

"अरे, कुणी सांगितलं होतं तुला?" सयाजीराव त्याच्यावर ओरडले. "नुसतं बसायचं होतं! बसायचा पगार मिळतो की नाही?"

केरबाला गाड्यांच्या पाट्या वाचता येत, सही येई, पण असलं लिहिणं त्याच्या हातचं नव्हतं. तो कागद घेऊन शालूबाईकडे गेला. तिनं टाइपरायटरला कागद लावला.

"परवानगी कुणाची?"

"कुनाची न्हाई."

"साहित्य?"

"माझं. रिठं, काजळी, दंतमंजन. जवसाचं तेल मारुती चौकातनं आणलं."

तिनं टाइप केलं. "आता हेतू. का केलंत?"

केरबा उभाच होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.  शालूबाईची बोटं बटणांवर थांबली होती.

"ऊन लय हुतं बाई," तो म्हणाला.

"ते नाही चालायचं. हेतू लिहायला पाहिजे."

"आता काय सांगू? दिसभर तिच्यात बसायचं, आणि बाहेरचं काय दिसंना. तिच्याकडं बघून माझंच मला कसंतरी व्हायचं. आमी दोघंबी एकाच दिवशी बिनकामाचं झालो. तिला तरी..." त्यानं कागदाकडे बोट केलं. "हे नका लिहू."

"नाही लिहीत."

तिनं रोलरवरचा कागद सरळ केला. मग म्हणाली, "माझे वडील गेल्यापासून घरी गेल्यावर मी आधी रेडिओ लावते. ऐकत नाही. नुसता लावून ठेवते." आणि लगेच टाइप करायला लागली. सदर वाहन सतत उन्हात उभे असल्याने शासकीय मालमत्तेची अधिक हानी होऊ नये, या एकमेव हेतूने स्वखर्चाने साफसफाई केली, दुरुस्ती केलेली नाही, तरी झाल्या चुकीबद्दल माफी असावी. केरबानं सही केली.

महिन्याभरानं उत्तर आलं. त्याला समज देण्यात आली आणि त्याची नोंद सेवापुस्तकात झाली. यापुढे वाहनाला हात लावू नये, असाही हुकूम आला. तो पाळून केरबा सारा उन्हाळा नुसता बसला. रेक्झिन पुन्हा हळूहळू फिकं व्हायला लागलं. पण खिडक्या टिकल्या, आणि पावसाळ्यात धूळ धुऊन गेल्यावर काळा रंगही बराचसा टिकून असल्याचं दिसलं. त्याआधीच, मे महिन्यात, शालूबाईची साताऱ्याला बदली झाली. जाताना तिनं मागच्या खिडकीतून त्याला सांगितलं, त्यानं मान हलवली. तिच्या जागी आलेला टायपिस्ट डबा पुढच्या खोलीत खाई.

लिलाव झाला तो डिसेंबरात. चारपाच जण आले होते. कोरेगावकडचे एक बागायतदार, लालासाहेब, त्यांनी बोली जिंकली. साठीचा धिप्पाड माणूस, डोक्याला फेटा. त्यांनी गाडीत बसून बघितलं, उतरून बघितलं.

"गाडी कुनी राखली?"

 सयाजीरावांनी केरबाकडे बोट केलं.

"मला तर चालवाय येत न्हाई," लालासाहेब म्हणाले. "ड्रायव्हर अजून ठरायचाय. एक दिवसाची रजा काढा आणि पोचवा आमाला कोरेगावाला. येतानाचं एस.टी.चं भाडं देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल घातलं, रेडिएटरात पाणी भरलं. पाचव्या हँडलला जीप सुरू झाली.  फाटकातून बाहेर पडताना त्यानं आरशात बघितलं, मागं कुणी उभं नव्हतं.

लालासाहेब शेजारी बसले आणि बोलायला लागले. उसाला कारखान्याची तोड मिळत नाही, धाकटा मुलगा मिलिटरीत आहे, पठाणकोटला, पत्र धाडत नाही. केरबा ऐकत होता. माधवनगर मागं पडलं, पलूस आलं. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या चालल्या होत्या. तिसऱ्या गिअरला जीप पूर्वीसारखीच गुणगुणत होती.

"तुमचं गाव कंचं?" मध्येच लालासाहेबांनी विचारलं.

"ह्ये पुढंच. कुंडल."

"मग थांबू की. पानी पिऊ."

"नगं मालक. उगंच उशीर."

"आवं, आता सरकारची न्हाई गाडी. माजी हाय. मी म्हणतोय थांबा."

चौदा वर्षांत जीप या घरापुढं एकदाही थांबली नव्हती. सरकारी गाडी, लॉगबुक, साहेबांची घाई. केरबा वाटेवरून शंभरदा गेला होता, हॉर्नही वाजवला नव्हता. आता त्यानं ती भावाच्या दारापुढं उभी केली. भाऊ रानात होता. वहिनी अंबूबाई पदर सावरत बाहेर आली. तिनं लालासाहेबांना तांब्या दिला, गुळाचा खडा दिला, आणि जीपकडे बघत राहिली.

"बसा की आत," लालासाहेब म्हणाले. "बघा तरी दिराची गाडी."

ती लाजत लाजत मागच्या बाकड्यावर बसली. पडद्याच्या खिडकीतून तिनं स्वतःच्याच घराकडे बघितलं. तिथल्या उंबऱ्यावर कोंबडी बसली होती. तिनं खिडकीवरून हात फिरवला आणि उतरली.

"राहीला एकदा बसवायला पायजे हुतं भावजी," ती हळूच म्हणाली. "लय म्हनायची. जीप गेली की रस्त्यापातुर यायची, धुरळा बसंपातुर हुबी ऱ्हायची. तुमास्नी कवा कळलं न्हाई?"

"न्हाई," केरबा म्हणाला.

खरंच कळलं नव्हतं. त्याची नजर नेहमी पुढं असायची.

कऱ्हाड मागं पडलं.  मसूर, रहिमतपूर करत दुपारी दोनला ते कोरेगावच्या अलीकडे मळ्यात पोचले. भाकरी खाऊन झाली. लालासाहेबांचे दोन गडी पान्हा आणि कोयता घेऊन जीपकडे निघाले.

"हूड उतरवा रं तेवढा," लालासाहेबांनी सांगितलं. "उसाचं वाडं भरायचं तर वर मोकळं पायजे. उद्यापासनं जनावरांस्नी वाडं आणायला हीच गाडी." मग केरबाकडे वळून म्हणाले, "बैलगाडीला लय येळ जातोय."

त्यात वाईट काही नव्हतं. त्यांनी गाडी कामाला घेतली होती. गड्यानं पडद्याच्या कडेला कोयत्याचं टोक लावलं तसा केरबा उठला.

"थांब गड्या. फाडू नगंस. दे पान्हा."

त्यानं स्वतः हूड उतरवला. कुठला बोल्ट उलट्या आट्याचा, कुठला हातानं निघतो, त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पडद्यांची बटणं एकेक करून काढली, मुठी सोडवल्या, त्यात एक कड वितळलेली. रेक्झिनची घडी घातली, खिडक्यांना मुरड पडू नये म्हणून मध्ये पेंढा घातला. अर्ध्या तासात जीप उघडी झाली, नुसती काच आणि सीटा. सांगाड्यावरून ऊन थेट स्टिअरिंगवर पडलं.

"कुठं ठेवू?" त्यानं विचारलं.

"ठेवा तिकडं खताच्या पोत्यांवर."

त्यानं ठेवलं. विहिरीवर हात धुतले. काजळीचे डाग नखांत होते, ते निघाले नाहीत. लालासाहेबांनी गाडीभाडं दिलं, वर वाटाण्याच्या शेंगा बांधून दिल्या आणि म्हणाले, "नोकरी सोडून येतायसा का? खोली हाय, जेवान हाय. चालवा हीच."

केरबानं क्षणभर विचार केला. पेन्शनला अडीच वर्षं होती. शिवाय ती आता वाडं आणायची गाडी होती, आणि ते त्याच्यानं बघवलं नसतं, पण हे तो कसं सांगणार? "बघू," तो म्हणाला. दोघांनाही कळलं की तो येणार नाही.

साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागायला वेळ होता. शालूबाई याच गावात कुठल्याशा कार्यालयात होती. कुठल्या, ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. चौकशीच्या खिडकीपाशी तो थोडा वेळ घुटमळला. पण तिथं गाड्यांची चौकशी होती, माणसांची नव्हती. गाडी लागल्यावर तो चढला.

सोमवारी सयाजीरावांनी त्याला डाकेच्या कामाला लावलं. सायकल दिली. वीस वर्षांत तो सायकलवर बसला नव्हता, पहिल्या दिवशी मार्केट यार्डापाशी पडला, गुडघा फुटला. मग जमलं. दिवसाला दहाबारा कार्यालयांत पाकिटं द्यायची, सही घ्यायची. "बसा" असं कुणी म्हणायचं नाही, पण "या" म्हणायचे.

एकोणऐंशी सालच्या एप्रिलअखेर तो निवृत्त झाला. चहा झाला, नारळ दिला. सयाजीराव चार शब्द बोलले. केरबालाही बोलायला सांगितलं. तो उभा राहिला, सगळ्यांकडे बघितलं, आणि "बरं झालं, सगळी भेटली" एवढं म्हणून खाली बसला. तीनची कुंडल गाडी होती, ती त्याला मिळाली.